कोरड्या डोळ्यांची चित्रफीत

फाल्गुन सरत आला होता. वऱ्हाडच्या त्या माळावर पळसांनी पाने केव्हाच टाकून दिली होती, आणि निष्पर्ण, कृष्णवर्ण फांद्यांवर केशरी फुलांचा भार तोलीत ते निमूट उभे होते. ऊन शुभ्र होते. ऊन निःशब्द होते. जणू कुणी धुऊन पिळून ताणून वाळत घातलेले वस्त्र.

माळाच्या टोकाशी ‘सायंतारा’ नावाचे एक कौलारू घर. ज्यांच्या व्याधीवर आता औषध उरले नाही, त्यांचे ते अखेरचे घर. तिथे कुणी बरे होत नसे. तिथे माणसे स्वच्छ चादरीवर, वेदना निवलेली असताना, कुणाचा तरी हात धरून जात.

बावीस दिवसांपूर्वी दिगंबर काळमेघ तिथूनच गेले. ते लाइनमन होते. वादळाने तोडलेल्या तारा जोडीत ते आयुष्यभर खांबाखांबावर चढले, आणि जाताना त्यांच्या देहाचे वजन ओल्या पंच्याइतकेही उरले नव्हते.

त्यांची लेक मैथिली व्हिडिओ करीत असे. थकल्या गुरांच्या गोठ्यासाठी, पाड्यावरच्या वाचनालयासाठी, मूकबधिर मुलांच्या शाळेसाठी. तिने मधुमंद स्वरात ‘नमस्कार, मी मैथिली’ म्हटले, की दूरदूरच्या शहरांतले अनोळखी अंगठे मोबाइलच्या पडद्यावर थबकत, आणि कुठून कुठून मदत वाहत येई.

आता सायंताऱ्याच्या ओसरीवरच्या सहा खाटा बंद होणार होत्या. जुना आश्रयदाता वारला होता, नवा मिळाला नव्हता. नवे कुणी घेणे थांबले होते, आणि परवाच एक बैलगाडी फाटकातून परत वळली. गाडीत, गोधडीत गुंडाळलेली, एक म्हातारी होती. मैथिलीने ती गाडी माळ उतरून दिसेनाशी होईपर्यंत पाहिली, आणि म्हणाली, “मी करते व्हिडिओ.”

म्हणाली खरी, पण तिच्या आत काहीच हलले नाही. बावीस दिवस काहीच हलले नव्हते. ती जेवत होती, न्हात होती, भेटायला आलेल्यांना चहा देत होती. अंतरात एक धूसर, निर्वात, दिशाहीन माळ पसरला होता, आणि त्यावर एकही पाखरू उतरत नव्हते.

निरंजन कॅमेरा धरीत असे. कॉलेजपासूनचा तिचा सोबती. त्याने तिला ओसरीवर, तिरप्या उन्हात बसवले. मृदू आवाजात म्हणाला, “बाबांबद्दल बोल. डोळे भरून आले तर थांबू नकोस. लोकांना ते भिडतं.”

ती बोलली. शब्द आले, अश्रू आले नाहीत. पुन्हा बोलली. पुन्हा कोरडे. अकरा वेळा तिने तेच वाक्य उच्चारले, आणि अकराव्या वेळी ‘बाबा’ हा शब्द एखाद्या परक्या गावाच्या नावासारखा तिच्या ओठांवरून घरंगळला.

“होत नाहीये रे,” ती म्हणाली. “मला रडूच येत नाही.”

तेवढ्यात कौतिकाताई आल्या. सायंताऱ्याच्या परिचारिका, हातात कोमट पाण्याची वाटी आणि कात्री, खांद्यावर पंचा. मैथिलीमागच्या खाटेवर एक जीर्ण, पर्णकृश आजोबा पाय पसरून पडले होते.

“सरक व जरा,” कौतिकाताई म्हणाल्या. “आजोबाचे नखं काढाचे हायेत.” मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून, “रडू नाई येत तं नको रडू. हात मोकळे हायेत ना तुये? मंग हे वाटी धर.”

मैथिलीने वाटी धरली. आजोबांच्या पायांची बोटे पाण्यात भिजली, शिंपल्यासारखी पिवळी नखे मऊ झाली, एकेक कोर अलगद सुटून पंच्यावर पडू लागली.

“करंगळी हळू काढजो, बाई,” आजोबा पुटपुटले. “दुखते ते.”

“हळूच काढतो, बाबा.”

बाबा. कौतिकाताई सगळ्यांनाच बाबा म्हणत. तिच्या वडिलांनाही म्हणाल्या असतील. त्यांचीही करंगळी अशीच तळहातावर घेतली असेल.

कॅमेरा चालूच होता. मैथिलीने मान वर केली नाही. वाटीतल्या पाण्याकडे पाहत, मध नसलेल्या, साज नसलेल्या आवाजात ती म्हणाली, “माझे बाबा इथेच गेले. मी त्या दिवशी इथे नव्हते. दुसऱ्या एका संस्थेसाठी मी व्हिडिओ करत होते. त्यांचा हात या ताईंच्या हातात होता. ज्यांच्याजवळ आपण पोचू शकत नाही, त्यांच्यासाठी या खाटा आहेत. त्या राहू द्या.”

एवढेच. कौतिकाताईंची कात्री क्षणभर थबकली, मग पुन्हा चालू लागली.

व्हिडिओ दूरदूर गेला. कुणी लिहिले, ‘बाप गेला आणि डोळ्यांत टिपूस नाही, दगड आहे बाई.’ कुणी लिहिले, ‘मीसुद्धा पोचलो नव्हतो.’ मैथिलीने दोन्ही सारख्याच नजरेने वाचले. पण आपल्या माणसाजवळ न पोचलेल्यांची एक दीर्घ, अदृश्य रांग तिच्यापाशी लागली. मुलगे होते, लेकी होत्या, एक निवृत्त परिचारिका होती. ती तर पेटी घेऊन राहायलाच आली. त्यांच्या मदतीवर सहा खाटा राहिल्या. माळाखालच्या गावी निरोप गेला, गाडी परत आली, आणि गोधडीतली म्हातारी दक्षिणेकडच्या खाटेवर निजली.

मैथिली दर गुरुवारी तिथे जाऊ लागली. कॅमेरा न घेता. चादरी पिळायला, नखे काढायला. आतला माळ तसाच होता. धूसर, निर्वात, निमूट.

वैशाखात पंप बिघडला. कौतिकाताई तिला घेऊन कळशीसकट नदीवर गेल्या. नदी म्हणजे नुसती वाळू. तप्त, रुपेरी, दूरवर थरथरणारी. गुडघे टेकून मैथिली हातांनी झिरा उकरू लागली. वरची वाळू तिला पोळली. खालची कोमट लागली. कोपरापर्यंत हात गेला, आणि बोटांना काही थंड लागले.

“थांब आता,” कौतिकाताई म्हणाल्या. “लगेच नको भरू.”

ती थांबली. खड्ड्याच्या तळाशी वाळू काळवंडली, ओलावली, चमकली. मग कडेकडेने पाणी आले. गढूळ, मूठभर, मंद. आले, आणि येत राहिले.