सीटखालचे पऱ्हे

सोमाजींनी गाडी विकायला काढली, हे मूल गावात सगळ्यांना कळलं होतं. ती विकायची नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं आहे, हे मात्र एकट्या बायनाबाईला ठाऊक होतं.

माणूस खोटं बोलत नव्हता, उलट फारच खरं बोलत होता. गिऱ्हाईक आलं की खुर्ची द्यायचे, चहा सांगायचे आणि लेक दाखवायला बसलेला बाप जे कधीच सांगणार नाही ते सगळं गाडीबद्दल सांगून टाकायचे. थंडीत सकाळी लवकर चालू होत नाही, दुसरा गिअर कुरकुरतो, पावसात उजव्या दारातून पाणी येतं. दोन गिऱ्हाईकं चहा पिऊन परत गेली. मोहल्ल्यात सोमाजींच्या सचोटीचं कौतुक झालं. बायनाबाईच्या हिशेबात ती सारी लबाडी होती.

तिला घाई होती, आणि तिचं कारण ती कोणाला सांगत नव्हती. उन्हाळ्यात नागभीडकडून परतताना दिवेलागणीला रस्त्यात गाय बसली होती. बायनाबाई ओरडली म्हणून गाय वाचली आणि गाडी बाजूच्या झुडपात शिरली. सोमाजींनी मोहल्ल्यात सांगितलं, गाईले वाचवाले गाडी खाली उतरवली. बायनाबाईने नवऱ्याची गोष्ट दुरुस्त केली नाही. चंद्रपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरने गाडी चालवू नका म्हटलं, तर हे म्हणाले, त्या डॉक्टरले स्वतःले तरी गाडी चालवता येते का, ते विचारा पहिले. शेवटी तिने नागपूरच्या लेकीला, सरिताला, सगळं सांगितलं आणि सरिताने बापाकडून विकायचं कबूल करून घेतलं. पण दिवाळीनंतर धान निघालं की बायनाबाईच्या माहेरून नवीन धानाचं पोतं आणायला जायचं, हे दरवर्षीचं ठरलेलं. किल्ली घरात राहिली तर हे निघणार, आणि रस्ता सांगायला ही शेजारी बसणार. त्याच्या आत गाडी जायला हवी होती.

गाडी सजवायचं काम राइस मिलमागच्या बाबूभाईंकडे होतं. गाडीच्या अंगावरून मालकाच्या खुणा काढल्याशिवाय नवा मालक तिच्यात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पोचे काढले, पॉलिश मारलं. डाव्या सीटपुढे तळाला ठोकलेली सागाची फळी काढायला गेले, तेव्हा मात्र सोमाजी आडवे आले. बायनाबाई बुटकी, तिचे पाय लोंबकळतात म्हणून ती फळी त्यांनी स्वतः ठोकली होती. बाबूभाईंनी विचारलं, बाई काय गाडीसोबत जाणार आहेत का? सोमाजी हसले नाहीत. फळी राहिली.

मग बाबूभाईंनी पाइप लावून गाडी आतून अशी धुतली की खालचा गालिचा ठिबकत होता. वाळेपर्यंत काचा उघड्या ठेवा म्हणून बजावून गेले. पण उघड्या काचेतून कोंबड्या आत बसतात, म्हणून सोमाजींनी काचा लावून गाडी उन्हात उभी केली. रोज सकाळी फडकं घेऊन ते स्वतः आतून-बाहेरून पुसायचे. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हते. असा आठवडा गेला.

तिसरं गिऱ्हाईक आलं प्रणित, मुलचेऱ्याकडे नुकताच लागलेला मास्तर. सोमाजींनी गिअर सांगितला, दार सांगितलं. पोरगा ऐकत होता, पण उठत नव्हता. बायनाबाईला आशा वाटली. बाबूभाई मुद्दाम येऊन बसले होते. त्यांनी मागचं दार उघडून दिलं आणि तसेच उभे राहिले.

प्रणित वाकला. म्हणाला, "काका, हे हिरवं काय आहे?"

"कुठी?" सोमाजींनी विचारलं.

सीटखाली, गालिचाच्या कडेने, बोटभर उंचीचे धानाचे कोंब पऱ्ह्याच्या वाफ्यातल्या रोपांसारखे दाटीने उभे होते. वर्षानुवर्षांच्या पोत्यांतून सांडलेलं धान बाबूभाईंच्या पाण्याने आणि बंद काचांच्या उबेने उगवलं होतं. अंगणात सगळ्यांना ते दिसत होतं. सोमाजी वाकून तिकडेच बघत होते आणि पुन्हा विचारत होते, कुठी?

बायनाबाई उठली. तिने त्यांचा हात धरला आणि सीटखाली नेऊन ठेवला.

बोटांना ओळखायला वेळ लागला नाही. सारा जन्म धान रोवण्यात गेलेला माणूस. त्यांनी कोंबांवरून हात फिरवला, एकदा, मग उलटा.

"मी तर रोज पुसून राह्यलो," ते म्हणाले. "मले नाई दिसलं."

एवढं वाक्य या घरात यायला उन्हाळ्यापासून वाट बघावी लागली होती. बायनाबाईने हात सोडला नाही.

बाबूभाईंना शांतता फार वेळ सोसत नाही. त्यांनी प्रणितला सांगितलं, "मास्तर, गाडीसंगं पऱ्हे फुकट. फक्त रोवणं तुमचं." पोरगा हसला. त्याच्याही घरी धानच होतं. त्याने सोमाजींना विचारलं, वाण कोणतं? सोमाजी म्हणाले, हिच्या माहेरचं आहे, हिले विचार.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली. ती प्रणितला न देता बायनाबाईच्या हातात ठेवली. "तूच दे त्याले," म्हणाले.

एक चक्कर मारून बघायचं ठरलं. प्रणित चालवायला बसला, बायनाबाई कोंब वाचवत मागे बसली आणि सोमाजी पहिल्यांदाच डावीकडे. फळीवर पाय ठेवले तर गुडघे छातीशी आले.

"सरिताची माय," ते पुढे बघत म्हणाले, "इतकी वर्षं तू अशी अवघडून बसत होती काऊन?"

"माझे पाय तुमच्याएवढे नाईत जी," मागून उत्तर आलं. "मले बराबर होते."

गाडी मिलच्या वळणावर आली. पुढे रस्त्यात एक गोऱ्हा उभा होता. प्रणितने हॉर्न वाजवायच्या आत बायनाबाईने नेहमीसारखं सांगितलं, गोऱ्हा आहे, हळू. सोमाजींचा पाय फळीवर दाबला गेला, जणू ब्रेक तिथेच होता. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पाय सैल सोडला.