हिरवा पेला

खाली व्यायामशाळा आणि वर घर. खाली वजनं आदळली की वरच्या ताटल्या किणकिणत. त्यामुळे वर काही आदळलं, तरी खाली कुणी मान वर करून बघत नसे.

त्या सकाळीही चष्मेवाली ओट्यापाशी उभी राहून शेवाळाची हिरवी पूड पाण्यात घोळवत होती. लग्नाआधी ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. आपल्या आईचा चष्मा घेऊन आलेल्या व्यायामशाळेच्या उस्तादानं तिथंच तिला हे नाव ठेवलं, आणि तेव्हा ते लाडाचं होतं. लग्नानंतर वर्षभरात तिचं अंग सुजायला लागलं, केस गळायला लागले, जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून थायरॉइडची गोळी दिली. उस्तादाला मात्र एकच दिसत होतं: ज्याच्याकडे लोक बारीक व्हायला येतात, त्याची बायको जाड. तू माझ्या धंद्याची पाटी आहेस, असं तो तिला बजावायचा. त्यानं गोळ्या मोरीत ओतल्या आणि जेवणाच्या जागी हा पेला सुरू केला. लपून भाकरी खाताना ती सापडली, त्या दिवशी त्यानं तिची बोटं फडताळाच्या दारात चिरडली होती.

पेल्यानं ती बारीक झाली नाही. चेहरा आणखी सुजला, पोटात पीळ पडू लागला, आवाज घोगरा झाला. शेवटी उस्ताद बाहेरगावी गेल्याचं बघून ती पुडीचा डबा घेऊन दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरीणबाईंनी शेवाळाला नावं ठेवली नाहीत. त्यात प्रथिनं असतात, लोह असतं, स्वच्छ टाकीत वाढवून तपासलेलं असेल तर निरोगी माणसानं थोडं घ्यायला हरकत नाही, असंच त्या म्हणाल्या. पण ते जेवण नव्हे आणि औषध तर नव्हेच. त्यातून या पुडीत समुद्री शेवाळ, म्हणजे आयोडीन भरमसाट. आधीच बिघडलेल्या थायरॉइडला ते आणखी बिघडवतं. आणि कुठल्या उघड्या पाण्यातून खरवडून आणलेलं असेल, तर त्यातलं विष यकृतावर जातं. त्यांनी गोळ्या पुन्हा लिहून दिल्या आणि बोटांकडे बघून विचारलं, हे कशानं झालं? दारात सापडली, असं तिनं सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

आज तिनं पेला घोळवला आणि मोरीत ओतून दिला. उस्ताद मागंच उभा होता. त्यानं केस धरून तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं, गुडघा पाठीत रोवला, दुसरा पेला कालवला आणि जबडा दाबून तिच्या तोंडात कोंबला. काचेच्या कडेवर दात तुटला. हनुवटीवरून हिरवं आणि लाल एकत्रच ओघळलं. सासू दाराशी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिचा जन्म नवऱ्याचा मार खाण्यात गेला होता. आपल्यावर हात उठला की डोळे मिटायचे आणि दुसऱ्यावर उठला की खाली घालायचे, एवढंच ती शिकली होती. तिनं डोळे खाली घातले.

"तोंड धू आणि खाली ये," उस्ताद म्हणाला. "लोक जमलेत."

त्यानं पुडीचे नवे डबे छापून आणले होते आणि सगळ्या पोरांना, बाप्यांना मुद्दाम बोलावलं होतं. बायकोनं फक्त एवढंच म्हणायचं होतं, की या पुडीनं माझं थायरॉइड गेलं, गोळ्या सुटल्या. मार चुकणार असेल तर तेवढं खोटं बोलायला तिची तयारी होती. पदरानं ओठ झाकून ती उभी राहिली आणि पढवलेलं बोललीही. टाळ्या पडल्या.

मग पुढच्या रांगेतला बसचा ड्रायव्हर हात वर करून म्हणाला, "वहिनी, माझ्या बायकोलाही हेच दुखणं आहे. बंद करू का तिच्या गोळ्या?"

त्या न पाहिलेल्या बाईचा सुजलेला चेहरा चष्मेवालीच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तिनं पदर खाली घेतला.

"बंद करू नका," ती म्हणाली. "मला ही पूड मारून पाजतात. डॉक्टरांनी मनाई केली आहे."

उस्तादानं वजनाची लोखंडी दांडी उचलली आणि तिच्या खांद्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ती खाली कोसळली. आसपास कमावलेल्या दंडांची इतकी माणसं होती, पण एकाचाही हात हलला नाही. कुणी आरशाकडे बघत होतं, कुणी बुटाच्या नाड्यांकडे.

जिन्यावरून सासू धावत आली आणि सुनेवर आडवी पडली. दुसरा फटका तिच्या हातावर बसला.

"मार," ती पोराला म्हणाली. "तुझ्या बापानं बाकी ठेवलं असेल, तेवढंही मारून घे."

दांडी पुन्हा वर गेली, तेव्हा कुठे ड्रायव्हरनं मागून त्याला मिठी घातली. मग बाकीचेही सरसावले. उस्ताद आडवा व्हायला पापणी लवण्याइतका वेळही लागला नाही.

इस्पितळात सासूसुनेला शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. उस्ताद कोठडीत होता, पण त्याची माणसं घरोघर फिरून सांगत होती, की नवराबायकोची कुरबूर आहे, जबाब द्यायला कुणी जाऊ नका. ड्रायव्हर भेटायला आला, तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. फार वाईट झालं, असं दोनतीनदा म्हणाला.

"बायकोच्या गोळ्या चालू आहेत ना?" चष्मेवालीनं विचारलं.

"आहेत."

"मग पहिला फटका बसला तेव्हा तुम्ही कुठं होता, ते पोलिसांना सांगा."

त्यानं मान खाली घातली. "तुमच्यापासून दोन हातांवर," तो पुटपुटला. मग म्हणाला, "पण वहिनी, रोज त्याच रस्त्यानं जायचं असतं. त्याची माणसं..."

पलीकडच्या खाटेवरून सासू बोलली. प्लास्टरातला हात तिनं छातीवर धरला होता आणि डोळे सरळ त्याच्याकडे लावले होते.

"मी सकाळीच जबाब दिलाय," ती म्हणाली. "पोटच्या पोराविरुद्ध. तुमचा तो कोण लागतो?"

ड्रायव्हरनं टोपी डोक्यावर घातली आणि दाराशी बसलेल्या हवालदाराकडे गेला.