घडी न घातलेली खाट

मी एक जुनी घडीची खाट आहे, मित्रांनो. लोखंडी नळ्या, निळी पट्टी आणि सहा महिन्यांची वॉरंटी. ती संपायच्या आत मालकाचा संसार मोडला. त्यात माझा दोष नव्हता.

मालक फरश्या बसवतो. मला डोक्यावर घेऊन तो या खोलीत आला. आठ वर्षांची लेक आईकडे राहिली. दर रविवारी ती यायची. मग माझी घडी व्हायची आणि खोलीभर दंगा.

"बाबा, तुझी खाट कुरकुरते."

"म्हातारी आहे ती. तिला बोलायचं नाही."

एवढं कौतुक माझं कारखान्यातही झालं नव्हतं.

पुढे मालकाला काय झालं कोण जाणे. ताप नाही, खोकला नाही. फक्त उठेनासा झाला. काम सुटलं. जोडीदार गवंडी येऊन म्हणाला, "काय रे, अंथरुणाला चिकटलास? सिमेंट कुठलं वापरलंस?" मालक हसला. गवंडी गेल्यावर भिंतीकडे तोंड करून रडला. माझी पट्टी ओली झाली.

लेकीचा फोन आला, की तो पडल्या पडल्या रबरी हातोडीने जमिनीवर ठोकायचा. "ऐकलंस? कामावर आहे मी."

फार छान ठोकायचा. इतकं, की लेकीची आई म्हणाली, "रविवारीही काम? मग पोरीला कशाला पाठवू? एकटी बसेल."

तीन रविवार ती आली नाही. मालक जेवायचाही बंद झाला.

चौथ्या रविवारी फोन वाजला. "बाबा, ती फरशी अजून संपली नाही?"

"मोठा बंगला आहे गं."

"मग ठोक ना."

त्याने हातोडी उचलली. हात खाली येईना.

"बाबा?"

"काम नाहीये बाळा. महिना झाला. मला उठवतच नाही गं."

पलीकडे कुजबुज झाली. मग आईचा आवाज आला, "कडी काढून ठेवा. आम्ही दोघी येतोय. मग दवाखान्यात जाऊ."

दार पाच पावलांवर आहे. त्याला पाऊण तास लागला. कडी काढून तो पुन्हा माझ्यावर येऊन पडला.

मित्रांनो, माझ्या नळ्यांना तेल घाला, असं मी म्हणणार नाही. पण भर दुपारी कुणाची खाट उघडी दिसली, तर त्याला आळशी म्हणून पुढे जाऊ नका. जरा टेका. दोघांचं वजन मी सहज पेलते.