उघाडीवरची बत्ती

अनिमेषशी वाद घालून कोणी जिंकल्याचं मी पाहिलेलं नाही. मी कधी घातलाच नाही म्हणा. त्याचं नाव मोठं, कुठे पुलाखाली, कुठे जुन्या गिरणीत त्याची प्रकाशाची कामं लागायची आणि लोक तासतास रांगेत उभे राहायचे. मी डोंबिवलीची ऋजुता, त्या प्रकाशामागच्या वायरी, सेन्सर आणि कोड बघणारी. तो खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचा आणि शेळ्या म्हणजे आम्ही.

या वेळची जागा माजिवड्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला होती. जुनी मिठागरं. मातीचा लांबलचक बांध, बांधाच्या आत कोरडे पडलेले मिठाचे वाफे, बाहेर चिखल आणि खाडी. बांधाला मध्ये एक लाकडी दार आहे, भरतीचं पाणी आत घ्यायचं किंवा अडवायचं. त्याला तिथे उघाडी म्हणतात. ती उघाडी सांभाळणारे नाथाकाका पंचाहत्तरीचे. मीठ पिकणं बंद होऊन वर्षं लोटली, अर्धी जमीन टॉवरवाल्यांना गेली, मुलांनी चार मजली घर बांधलं, दारात गाड्या आल्या. तरी काका रोज उघाडीवर जायचे आणि पाणी चढायला लागलं की खांबावर कंदील टांगायचे.

अनिमेषने त्यांची मुलाखत रेकॉर्ड केली तेव्हा माइक मीच धरलेला. काका म्हणाले, "बत्ती लागली का समजायचं पानी चरतंय. भायेर असशील त आत ये. आत असशील त भायेर जाव नको. बत्ती इझली का मंग जाव."

"अजून कोण पाळतं हे, काका?" अनिमेषने विचारलं.

"आमची ठमी पाळते," काका हसले. "बाकी कोन जातंय आता चिखलात?"

ठमाबाई त्यांची बायको. दर महिन्याला अवसेच्या आदल्या दिवशी ती नारळ घेऊन बांधाखाली उतरायची, चिखलात टाकलेल्या दगडांवरून दोन-अडीचशे पावलं चालत जाऊन देवीच्या शेंदरी दगडाला नारळ द्यायची आणि कंदील लागायच्या आत परत यायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की कानांवर हात. पूर्वी तिला तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ तोंडपाठ होती. पण खाडीत इतका भराव पडला होता की पाणी कधीही चढायचं, कसंही उतरायचं. ती म्हणायची, आता नेम फक्त बत्तीचा.

अनिमेषला ही गोष्ट इतकी आवडली की त्याने आखलेलं सगळं मोडलं. बांधावर एक्केचाळीस दिवे लावायचे, पाण्यात सेन्सर सोडायचे आणि भरतीबरोबर दिवे बदलत न्यायचे. मी काकांनी सांगितलं तसं लिहिलं. पाणी चढलं की दिवे पेटत जातात. त्याने चाचणी पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"उलटं कर. पाणी येईल तसे दिवे विझत जाऊ देत. शेवटी पूर्ण अंधार. लोकांच्या अंगावर काटा यायला हवा."

"पण काकांची पद्धत याच्या बरोबर..."

"ऋजुता, हे प्रदर्शन आहे, बंदर नाही."

मी कोडमध्ये एक वजा चिन्ह घातलं. दोन सेकंदांचं काम. वर पाहुण्यांना वेळ नसतो म्हणून सगळे दिवे अर्ध्या तासात विझतील असं गणितही बसवलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अनिमेषने काकांना गाठलं. "काका, उद्या तुमचा कंदील नको. कॅमेऱ्यात एकच पिवळा ठिपका दिसतो. आमचे दिवेच पाण्याचं सांगणार आहेत."

"सांगतील ना पन बराबर?"

"सेन्सर आहे, काका. माणसापेक्षा बरोबर."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मोठी माणसं बोलत असली की काका शेवटी माझ्याकडे बघायचे, मी रोज चिखलात उतरणारी म्हणून. मी मान हलवली. ती मान का हलवली, हे मी गेले कित्येक दिवस स्वतःला विचारतेय. घाई होती, कंटाळा आलेला, आणि अनिमेष समोर उभा होता. यापलीकडे काही सापडत नाही.

उद्घाटन नेमकं अवसेच्या आदल्या दिवशी आलं. चंद्र नको म्हणून अनिमेषनेच तारीख धरलेली. दुपारी चारला पाणी पार उतरलं आणि आमचे एक्केचाळीस दिवे लख्ख पेटले. पाचच्या सुमाराला सतरा नंबरचा सेन्सर बंद पडला म्हणून मी बांधावरून धावत होते, तर उघाडीच्या पायरीवर ठमाबाई बसलेली. नवं लुगडं, केसांत अबोली, मांडीवर थाळी, थाळीत नारळ.

"आजी, इथे काय करताय? काका तिकडे पाहुण्यांत बसलेत."

"बत्ती लागलीय नं," ती म्हणाली. "पानी चरतंय. इझली का जाईन. आज लय येल लागला बाय, न्हाय त या टायमाला मी परत येतंय."

मी ऐकलं. नीट ऐकलं. तिच्या मागे कोरडा चिखल उन्हात चमकत होता, देवीच्या दगडापर्यंतची वाट मोकळी होती, आणि ती दिव्यांकडे तोंड करून बसली होती. तेवढ्यात वॉकीटॉकीवर अनिमेष ओरडला, सतरा नंबरचं काय झालं?

"बसा हं आजी," मी म्हणाले आणि पळाले.

साडेसहाला खुर्च्या भरल्या. भाषणं झाली, काकांना शाल-नारळ झाला. ते पहिल्या रांगेत अवघडून बसले होते, पायाशी सवयीने आणलेला कंदील, न पेटवलेला. मी मागे लॅपटॉपवर. पडद्यावर पाण्याचा आकडा चढायला लागला आणि बांधाच्या दूरच्या टोकाचा पहिला दिवा विझला. मग दुसरा. लोकांनी श्वास रोखला. खरंच सुंदर होतं ते, खोटं कशाला बोलू. अंधार बांधावरून आमच्याकडे सरकत येत होता आणि त्याच्यामागे पाण्याचा बारीक आवाज वाढत होता. त्या आवाजाने मला बरं वाटेना. काहीतरी विसरलंय, घरी गॅस चालू राहिलाय, तसं काहीसं.

सातला एक्केचाळिसावा दिवा गेला. पूर्ण काळोख, आणि नंतर टाळ्या.

पलीकडच्या टॉवरांचा थोडा उजेड खाडीवर पडला होता. त्यात एक लहानशी आकृती बांधावरून खाली उतरताना दिसली. डोक्यावर थाळी. बांधालगतच्या चरात पाणी कमरेपर्यंत आलेलं असणार, पण ती न थांबता चालली. बत्ती विझली होती. म्हणजे पाणी उतरतंय, तिच्या हिशेबाने.

"वा," माझ्या पुढच्या रांगेतली बाई म्हणाली. "परफॉर्मरपण ठेवलाय."

टाळ्या वाढल्या. मोबाइल वर झाले. मी ओरडले, पण त्या टाळ्यांत मलाच माझा आवाज आला नाही. मग मला एकच सुचलं आणि मी सगळे दिवे एकदम पेटवले. पाणी चढतंय, आत ये, असं मला तिला सांगायचं होतं. तिच्या भाषेत सांगायची ती एकच सोय माझ्या हातात होती.

ती पार पुढे पोचली होती, देवीच्या दगडापासून हाताच्या अंतरावर. तो दगड उंचावर आहे. मोठ्या उधाणातही त्याचा माथा पाण्याबाहेर राहतो, हे मला नंतर कळलं. एक्केचाळीस दिवे पेटलेले तिने पाहिले आणि चाळीस वर्षं पाळलं तसंच पाळलं. मागे फिरली. आमच्याकडे, चराकडे यायला लागली. चर आता गळ्याइतका भरला होता.

पहिल्या रांगेत काका उभे राहिले. शाल खाली पडली. "ठमे!" ते ओरडले, "थांब! थितंच थांब!" लोकांना तेही आवडलं. काहींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. थाळी पाण्यावर तरंगताना दिसली तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पलीकडच्या तिवरांच्या झाडीत सापडली. सगळे म्हणाले, म्हातारीला दिसत नव्हतं, कशाला गेली. पोलिसांनी अपघात लिहिला. मी त्यांना खोटं काही सांगितलं नाही. त्यांनी दिव्यांबद्दल विचारलंच नाही. अनिमेषचा फोन आला, "कोड कोणाला दाखवत बसू नकोस." मी फोन ठेवला आणि ते वजा चिन्ह काढलं. वरातीमागून घोडं.

तेराव्यानंतर मी काकांकडे गेले. ठरवून गेले होते, सगळं सांगायचं. वाटभर वाक्य पाठ करत होते: काका, दिवे उलटे मी लावले. सुनेने चहा आणून ठेवला. काका ओटीवर कंदिलाची काच पुसत बसले होते.

मी तोंड उघडायच्या आत काकाच बोलले. "सगली बोलतात, तिला दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हनून त बत्ती व्हती. चालीस वर्सं मी कदी चुकवली नाय. एक दिस चुकवली. मीच तिला बोल्लो, आज त्यांचे दिवे बग."

काच त्यांनी उजेडात धरून पाहिली, पुन्हा पुसली.

"बाय, तू रोज चिखलात उतरायचीस. तू सांग. तुमचे दिवे त बराबर व्हते ना?"

पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. सून दारात उभी होती. भिंतीवर ठमाबाईचा फोटो, केसांत अबोली.

"हो, काका," मी म्हणाले. "बरोबर होते."

त्यांनी मान हलवली, मला आणखी चहा हवा का विचारलं, आणि कंदील घेऊन उघाडीकडे निघाले.