डोरिसच्या घरची फवारणी

सेलविन गावचा फवारणीवाला, घराघरांत आतून भिंतींवर डासांचं औषध मारणारा. बेटावरचा हिवताप संपत आला होता, आणि त्यात आपला मोठा हात आहे हे तो सुपारी चघळत चारचौघांत सांगायचाही. पण गेल्या खेपेला त्याने एक घर सोडलं होतं. सख्ख्या बहिणीचं, डोरिसचं.

वयात आलेल्या बहिणीशी भाऊ समोरासमोर बोलत नाही, आणि ती झोपते त्या खोलीत तर पाऊलही टाकत नाही. ही रीत गावातलं शेंबडं पोरही जाणतं. अशा घरी त्याचा जोडीदार क्लेमेंटने पंप घ्यायचा, हे ठरलेलंच होतं. पण क्लेमेंट होडी घेऊन मासे पकडायला गेलेला, आणि सेलविनला शेजारच्या गावाच्या आधी काम उरकून मिरवायचं होतं. त्याने बाहेरच्या भिंतींवर चार फवारे मारले आणि नर्स एडिथला 'झालं' म्हणून सांगून टाकलं.

आता डोरिसची लेक तापाने फणफणली होती. बाप तिला मोठ्या बेटावरच्या इस्पितळात घेऊन गेला होता. शेजारीही दोघं तापाने कुडकुडत पडले होते.

चर्चपुढे गाव जमलं. गावचा म्हातारा मुखिया, मोफात, डोरिसवर घसरला. "औषधाचा वास येतो म्हणून भिंती धुतल्यास ना? नाकं फार नाजूक तुम्हा बायकांची."

सेलविनला वाटलं, आता ही खरं सांगणार.

"हो, धुतल्या," डोरिस मान खाली घालून म्हणाली.

"मग रविवारी सगळ्यांसमोर माफी मागायची."

"मागते."

सेलविनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहिणीच्या खोलीचा विषय भावाने असा चारचौघांत काढणं हीच मोठी लाजेची गोष्ट. पण तो उठला.

"तिने काही धुतलं नाही. आत औषध मारलंच नव्हतं. मी गेलो नाही आणि क्लेमेंटलाही सांगितलं नाही."

"आणि मला झालं म्हणालास?" एडिथने विचारलं.

"रीत आहे ना, ताई..." तो पुटपुटला.

डोरिसने त्याच्याकडे पाहिलं नाही. "नर्सताई, त्यांना विचारा, दुसऱ्याला पाठवायला रीत कुठे आडवी येत होती? आणि हेही सांगा, पोर तापात बडबडत होती. म्हणत होती, मामाने औषध मारलंय, मला काही होणार नाही."

सेलविन तसाच उभा राहिला. खाली बसायची त्याला हिंमत होईना.