आत्यांच्या नावाचा बॉक्स

माझी थोरली जाऊ दीपमाला, हिच्यावर मी सूड उगवला, आणि त्याची मला अजूनही लाज वाटत नाही.

चऱ्होलीत आमचं आवार एकच, घरं दोन. पुढं थोरले दीर भीमराज यांचा दुमजली बंगला, मागं आमच्या पत्र्याच्या खोल्या. जुनं घर पाडून बंगला बांधायला काढला तेव्हा थोरल्यांनी सासूबाईंचं अंथरूण आमच्याकडं आणून टाकलं. "बांधकाम होईस्तोवर," म्हणाले होते. बंगल्याची वास्तुशांत झाली, वर्षं उलटली, अंथरूण आमच्याकडंच राहिलं. सासूबाई म्हणजे ठकुबाई. मी त्यांना आत्या म्हणते. कमरेतून गेलेल्या, पण जीभ शाबूत. मला त्यांचा कधी जाच वाटला नाही. मला सख्खी आई नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

रस्ता रुंद करताना केबलची वायर तुटली आणि केबलवाल्यानं ती पुन्हा जोडलीच नाही. आत्यांचा सगळा दिवस टीव्हीवर जायचा. कीर्तन, शेतीचे कार्यक्रम, बाजारभाव. घरात शेत उरलं नव्हतं, तरी कांद्याचा भाव त्यांना रोज लागायचा. टीव्ही बंद झाला तशा त्या भिंतीकडं तोंड करून पडू लागल्या. तेवढ्यात सरकारची योजना आली. ज्या घरात सत्तरीपुढचं माणूस राहतं, त्या घराला टीव्हीची डिश-छत्री आणि सेट-टॉप बॉक्स फुकट, बसवून द्यायला माणूसही सरकारचाच. मी आत्यांना सांगितलं, आणि बॉक्स यायच्या दिवसाकडं त्या डोळे लावून बसल्या.

मी चाकणला एका कंपनीत पॅकिंगला आहे. एके दिवशी फर्स्ट शिफ्ट करून घरी आले, तर आत्या नवंकोरं लुगडं नेसून खाटेवर. तोंडाला पावडर.

"हे काय हो, आत्या?"

"दीपमाला घिऊन गेली व्हती. खुर्चीत बशिवलं, दोघांनी उचललं. तिच्या हॉलात माज्या मांडीवर खोकं ठिवलं, सायबानं फोटू काढला. मग खोकं ऱ्हायलं तिथं अन् मी आले हितं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'सासूबाई माझ्याजवळच असतात,' असं तिनं सरकारला खुशाल सांगितलं होतं. बंगल्यात राहायला गेल्यापासून जिनं आत्यांना एक कप चहा विचारला नाही, तिनं! वरच्या मजल्यावर भला मोठा टीव्ही आहे, तरी खालच्या हॉलातल्या टीव्हीला हा बॉक्स हवा. फुकट ते पौष्टिक. माझे यजमान सुजित म्हणाले, "जाऊ दे, पगार झाला की विकत आणू." मी म्हणाले, "आणायचा नाही. आता प्रश्न बॉक्सचा राहिला नाही."

संधी तिनंच दिली. बॉक्स खरोखर म्हाताऱ्या माणसापुढं लागलाय का, ते बघायला योजनेची माणसं येणार होती. दीपमाला सकाळीच दारात, जिभेवर साखर.

"तनू, आत्यांना तासाभरासाठी दे ना."

"तासाभरासाठी कशाला, ताई? घेऊन जा की."

साहेब हॉलमध्ये चहा पीत बसले आणि मी एकेक वस्तू आणायला लागले. खाट, रेक्झिन घातलेली गादी, औषधांची पिशवी, मिश्रीची डबी. शेवटी संडासाची खुर्ची आणली आणि बरोबर सोफ्याशेजारी मांडली. "आत्यांचं सामान जरा उन्हात घातलं होतं, साहेब," मी म्हणाले. दीपमाला पांढरीफटक पडली.

साहेबांनी विचारलं, "आजी, तुम्ही इथंच राहता ना?"

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हळूच मान हलवली.

"व्हय तर. हितंच, कायमची. थोरल्या सुनंचा लई जीव हाय माज्यावर."

साहेबांनी तसं लिहून त्याखाली दीपमालाची सही घेतली, आणि "मधूनमधून न सांगता येऊन बघू," म्हणाले.

पुढचे दिवस माझी दिवाळी होती. बंगल्यातून हाका यायच्या, "दीपमाले, पाणी आण. दीपमाले, आवाज वाढीव." कीर्तन गल्लीभर ऐकू जायचं. ज्या कुंडीतल्या झाडाची पानं दीपमाला कापसानं पुसायची, त्याच कुंडीत आत्या मिश्री थुंकायच्या. भिशीच्या बायकांनी तिच्या हॉलात बसायचं सोडलं, थोरले दीर दुपारचं बाहेरच जेवू लागले. मी मागच्या खोलीत बसून एक भाकरी जास्त खायची. खोटं कशाला बोलू, आनंदाच्या उकळ्या फुटायच्या मला.

शेवटी ती आलीच. केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले, हातातल्या पिशवीत बॉक्स आणि रिमोट.

"घे बाई तुझा बॉक्स. हात जोडते, आत्यांना घेऊन जा."

मी मुद्दाम तिला उंबऱ्यातच उभं ठेवलं. "आणि साहेब परत आले तर?"

"सांगेन काहीही. पण ने त्यांना."

एवढं ऐकलं आणि माझं पोट भरलं. मी खाटेची जागा स्वच्छ पुसली आणि त्यांना आणायला गेले.

आत्यांनी खाटेची कड घट्ट धरली.

"बॉक्स ऱ्हाऊ दे तुला. मी न्हाई येत."

"अहो आत्या, जिंकलो आपण!"

"तू जिंकलीस. माजं अजून बाकी हाय." त्या हळू आवाजात बोलत होत्या. "ह्याच जागंवर माजं घर व्हतं. पोटच्या पोरानं अंथरुणासकट भाईर टाकलं, तवा मी चकार शबूद काढला न्हाई. आता त्येंनीच सरकारला लिहून दिलंय, आई हितं ऱ्हाती म्हून. मरंस्तवर ऱ्हानार मी. बघू कोन काढतंय."

"आणि मी?" लहान पोरीसारखं तोंडातून निघून गेलं.

त्यांनी माझा हात धरला. "तुज्याकडं सुखात व्हते गं. सुखात ऱ्हाऊन सूड न्हाई निघत."

सुजितनं संध्याकाळी बॉक्स जोडला. दोन-चार चॅनल फिरवून मी टीव्ही बंद केला. कोपऱ्यातल्या पुसलेल्या जागेकडं बघवत नव्हतं. तेवढ्यात बंगल्यातून आत्यांची हाक आली, "आगं ये, पाय चेप जरा."

मी उठले, पायात चप्पल सरकवली, दारापर्यंत गेले, तेव्हा ध्यानात आलं की हाक मला नव्हती. दीपमालाचा इतका राग मला आधी कधीच आला नव्हता.