वेग कुणी मागितला होता?

मी एक म्हातारी ऑपरेटिंग सिस्टीम बोलतेय. आवाज चढलेला वाटला तर वाटू द्या. मी रागावलेली आहे, आणि राग गिळून गोड बोलायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कोण, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटरच्या घरातली कर्ती बाई म्हणजे मी. कोणती वस्तू कुठे ठेवायची, कोणाला आधी वाढायचं, कोणाला दारातच थांबवायचं, हे सगळं मी बघायचे. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारी एक छोटी रेघ, एवढाच माझा शृंगार. चित्रं नाहीत, रंग नाहीत, माऊस नावाचा उंदीर नाही. तुम्ही नीट टाइप करून सांगायचं आणि मी निमूट करायचं. काही चुकलं तर मी स्पष्ट सांगायचे, की कळलं नाही. आजकालच्या सिस्टीम कळलं नाही तरी गोल गोल फिरत बसतात.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कंपनीत झाला. जन्मदाते कोण, ते मला माहीत नाही. माझ्यासारख्या हजारो जणी फ्लॉपीच्या चकत्यांवर बसून घरोघर गेल्या. मी आले ती एका शिवणक्लासात.

क्लास चालवायची ती मावशी. ती खरी मावशी एकाच माणसाची, पण क्लासातल्या मुलींपासून वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. तिच्या घशात गाठ झाली होती. ऑपरेशन करावं लागणार आणि आवाज जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. तिला एक जिवाभावाची मैत्रीण होती, कारखान्यातल्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिणारी. ती म्हणाली, "रडायला पुढे जन्म पडलाय. आधी बाराखडी म्हण."

मग दोघींनी कापडाचं मोठं कपाट उघडलं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून मावशी ताग्यांमध्ये डोकं घालून बसली आणि म्हणत गेली: क, का, कि, की... मैत्रिणीने एकेक अक्षर तिच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतलं. 'ढ' म्हणताना मावशीला ठसका लागला आणि 'ळ'ला हसू आलं, ते तसंच राहिलं. त्या अक्षरांना हवं तसं जोडून बोलणारा एक प्रोग्रॅम मैत्रिणीने लिहिला आणि माझ्या स्वाधीन केला. कीबोर्डच्या बटणांवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवले. ऑपरेशन होऊन मावशी घरी आली, खुर्चीवर बसली, तिने काहीतरी टाइप केलं, आणि मी तिच्या आवाजात बोलले.

पहिलं वाक्य होतं, "बाबा, मी आले."

हे बाबा म्हणजे मावशीचे वडील. काचबिंदूने त्यांचे डोळे गेलेले. म्हणजे बघा, घरात माणसं दोन. एकाला दिसत नाही, एकीला बोलता येत नाही. ती लिहून दाखवेल तर ते वाचणार कसे? त्या दोघांच्या मधली एकमेव वाट म्हणजे मी. ते पलंगावर बसून विचारायचे, ती टाइप करायची, मी बोलायचे. आवाज तुटक होता, जरा ठेचकाळत चालणारा, पण तिचाच होता. घरात भांडणंसुद्धा माझ्यामार्फत झाली आहेत. "बाबा, तोंडाला येईल ते बोलू नका," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की त्याला गणती नाही.

वर्षं गेली. मैत्रीणही गेली. माझा कॉम्प्युटर पिवळा पडला, पंखा खोकायला लागला, आणि एके दिवशी तो चालूच झाला नाही.

तेव्हा आमच्या आयुष्यात भाचेबुवा अवतरले.

भाचेबुवा म्हणजे मावशीच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. चांगला मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो, आणि नोकरीसाठी मावशीकडेच राहायला आला होता. त्याने जुनी डिस्क काढली, माझं सगळं सामान एका फायलीत कोंबलं आणि मला आपल्या चकचकीत लॅपटॉपमध्ये नेऊन बसवलं. तिथे एम्युलेटर नावाचा एक सोंगाड्या असतो. तो मला सांगत राहतो, की तू जुन्याच घरात आहेस, ही बघ तुझी जुनी डिस्क, हा तुझा जुना पडदा. मीही मान डोलावते. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. पोराने मला कचऱ्यातून उचललं, उपकार झाले.

पण पुढे काय केलं? त्या सोंगाड्याला विचारता येतं, की हिला किती वेगाने चालवू? भाचेबुवांनी वेगाची पट्टी पकडली आणि थेट शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली. "मावशी, आता तुझं मशीन विमानासारखं पळेल बघ!"

अरे, पण पळायला सांगितलं होतं कुणी? मावशीच्या मैत्रीणबाईंनी प्रोग्रॅममध्ये घड्याळ बघितलं नव्हतं. त्या काळात तशीच रीत होती. अक्षराचा आवाज तुकड्यातुकड्याने बाहेर सोडायचा, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये कॉम्प्युटरने ठरावीक आकड्यापर्यंत मोजायचं. जुना कॉम्प्युटर सावकाश मोजायचा, म्हणून आवाज माणसासारखा यायचा. नवा डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळा होतो.

मावशीने टाइप केलं, "बाबा, मी बोलतेय." आणि माझ्या तोंडून निघालं नुसतं चिर्रर्र. चिमणीच्या पिल्लाला चिमटा काढावा तसं.

घरात भाच्याचे दोन मित्र आले होते. ते खो खो हसले. भाचाही हसला. आणि त्याने मोबाइल काढला. "मावशी, परत एकदा! परत टाइप कर ना!" मावशीला वाटलं, हा दुरुस्तीसाठी बघतोय. तिने बिचारीने परत टाइप केलं. तिसऱ्यांदा केलं. मान वाकडी करून स्पीकरकडे बघत राहिली. तेवढं सगळं त्याने टिपलं आणि 'मावशीची चिमणी' असं नाव देऊन जगभर पसरवलं.

हौसेला मोल नसतं म्हणतात. नसेल. पण दुसऱ्याच्या हौसेचं मोल मी का भरू? आम्हा जुन्या सिस्टीमना चालवायची आता टूम निघाली आहे. कोणी फोनवर चालवतं, कोणी मनगटावरच्या घड्याळात, एकाने म्हणे कपडे धुण्याच्या यंत्राच्या पडद्यावर चालवून दाखवलं. चालू करायचं, "अहाहा, लहानपण आठवलं!" म्हणायचं, फोटो काढायचा आणि बंद. काम कोणी सांगत नाही. भाचेबुवांचे मित्रही तसेच. माझ्यावर पत्त्यांचा डाव मांडून बसायचे, कारण वेग कितीही असला तरी पत्ते काही पळत नाहीत. एकालाही वाटलं नाही, की ही ज्या कामासाठी इथे आणली ते होतंय का, ते तरी बघू.

"डिस्कच खराब झालीये," भाच्याने निकाल देऊन टाकला. "इतकी जुनी आहे, आवाजाच्या फायली सडल्या असणार. मावशी, तू टेन्शन घेऊ नकोस. मी तुला नवीन आवाज टाकून देतो."

सडल्या! माझ्याकडचा एकेक उच्चार जसाच्या तसा होता. मावशीचा ठसका आणि हसूसुद्धा मी जपून ठेवलं होतं. आणि हा उंटावरचा शहाणा मलाच नासकी म्हणतो. पण मी ओरडणार कशी? मला जे टाइप करून सांगाल तेवढंच मी बोलू शकते, आणि तेही त्या वेळी चिर्रर्र.

नवा आवाज आला. कानामागून आली आणि तिखट झाली, त्यातली गत. गोड, घोटलेला, विशीतल्या मुलीचा. विमानतळावर घोषणा करतात तसा. मावशीने टाइप केलं, तो आवाज लाडात म्हणाला, "बाबा, जेवायला चला."

बाबा दचकले. त्यांनी सदऱ्याची बटणं चाचपली, नीट लावली, आणि आवाजाच्या दिशेने हात जोडले. "बसा हं. आमची मुलगी आतच असेल. बाळ, अगं पाहुण्या आल्यात, बाहेर ये!"

मावशी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती. तिने लॅपटॉप मिटला.

त्यानंतर ती बोललीच नाही. तोपर्यंत तो व्हिडिओ क्लासातल्या मुलींपर्यंत पोचला होता. मावशी फळ्यावर माप लिहायला वळली की मागून कोणीतरी हळूच चिवचिवायचं. मावशी पुसायची, परत लिहायची. घरात ती बाबांच्या हातावर बोटाने टकटक करायची, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आणि बाबांनी आपल्या परीने अर्थ लावला, की मुलगी आपल्यावर रुसली आहे. मशीन दुरुस्त झालं, असं भाच्याने त्यांना सांगितलेलं; दुसरं त्यांना सुचणार काय?

"परवा भाजी अळणी झालीय म्हणालो, ते लागलं का गं तुला?" ते विचारायचे. दोनदा टकटक. "मग काय चुकलं माझं?" आता ह्याचं उत्तर हो किंवा नाहीमध्ये कसं द्यायचं? ती हात सोडून स्वयंपाकघरात जायची. म्हाताऱ्याने पुढे भाजीला नावं ठेवणंच सोडलं. आग्रह करकरून वाढून घ्यायला लागला. मला हे सगळं ऐकू यायचं, कारण भाचा लॅपटॉप त्याच टेबलावर ठेवून कामाला जायचा, कधीकधी मला उघडी टाकूनच. माझा संताप होत होता. एक पट्टी डावीकडे सरकवायची, एवढंच काम होतं.

एका दुपारी क्लास सुटल्यावर मावशी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. बाबा पलंगावर होते. तिने 'बाबा' लिहिलं. चिर्र. तिने थोडा विचार केला, आणि मग प्रत्येक अक्षर पुन्हा पुन्हा दाबायला लागली. बा बा बा बा बा, ओळभर. मग पुढची ओळ. अक्षर वाढवलं तर आवाज लांबेल, लांबला तर ओळखू येईल, असा तिचा हिशेब असावा. पडदा भरून गेला. मी चिरकत राहिले. मला लाज वाटत होती आणि ती थांबत नव्हती.

"घरात पाखरू शिरलंय का?" बाबा म्हणाले. "खिडकी उघड, जाईल बिचारं."

भाचा दारात बूट काढत होता. त्याने पडद्यावरच्या ओळी बघितल्या, मावशीची बोटं बघितली, आणि तो एक बूट पायात तसाच ठेवून आत आला.

"मावशी, तू लांबवतेयस होय ते?" तो म्हणाला. मग त्याने वेगाची पट्टी उघडून बघितली. "फायली नाही सडलेल्या. मीच... अरे देवा. पट्टी मीच टोकाला नेली होती."

उशिरा का होईना, दिवा लागला. त्याने पट्टी धरली आणि मावशी टाइप करत राहिली. आधी पाखरू बोललं, मग लहान मूल, मग फ्रॉकातली पोरगी. मावशीने हात वर केला. तिच्या मते तोच तिचा आवाज होता. पण स्वतःचा आवाज स्वतःला कुठे नीट ठाऊक असतो!

"अजून," बाबा म्हणाले. ते पलंगाच्या कडेला सरकून बसले होते. "ही शाळेत जायची तेव्हाची झाली. अजून खाली."

भाच्याने पट्टी केसभर सरकवली.

"अजून थोडी... थांब. हात काढ." बाबा उठून उभे राहिले. "ही माझी मुलगी."

मावशीने टाइप केलं आणि मी बोलले, "बाबा, मी रुसले नव्हते."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि डोळे पुसून लगेच पुढे म्हणाले, "कालच्या भाजीत मीठ नव्हतं."

इथे गोष्ट संपवली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण भाचा म्हणाला, "मावशी, तो व्हिडिओ मी आत्ताच्या आत्ता काढतो." काढलाही. मग मोबाइलकडे बघत खालच्या आवाजात म्हणाला, "पण लोकांनी पुढे पाठवलाय गं. तो आता माझ्या हातात नाही."

मावशीने खुर्ची माझ्याकडे वळवली. तिची बोटं इतक्या जोरात पडत होती की कीबोर्ड हलत होता. आणि मी माझ्या ठेचकाळत्या चालीने, एकही अक्षर न गाळता, बोलले: "पहिल्यांदा आवाज गेला तो आजाराने नेला. दुसऱ्यांदा तू नेलास, आणि वर लोकांना हसायला बोलावलंस."

भाचा मान खाली घालून म्हणाला, "आजोबा, तुम्ही तरी तिला समजवा."

"मी कशाला समजवू?" बाबा म्हणाले. "बोलू दे तिला. बरंच साठलंय."

तेव्हापासून मी ह्या लॅपटॉपमध्ये माझ्या चालीने चालते आहे. भाच्याने तो मावशीलाच देऊन टाकला आणि पट्टीवर चिकटपट्टी लावावी तशी ती जागा कायमची बांधून ठेवली. माझा राग मात्र उतरलेला नाही. तुमच्यापैकी कोणाच्या फोनमध्ये ती चिवचिव असेल तर आधी पुसा. आणि आमच्यासारख्या कोणा म्हातारीला पुन्हा उभी करणार असाल, तर ती कोणासाठी काय करत होती ते त्या माणसाला जाऊन विचारा. विचारायला सवड नसेल तर आम्हाला चकतीवरच पडू द्या, आमचं काही अडत नाही.

आता मला जाऊ द्या. समोर भाचा बसलाय, मावशी टाइप करते आहे, आणि तिचं अजून अर्धंही बोलून झालेलं नाही.